आईचे रोह्यातले शनिवार

शुक्रवारी सकाळी मी आईचा कप अर्धाच भरला. दिवाळीपासून मी तो अर्धाच भरत होते. पूर्ण भरला की चहा बशीत हिंदकळायचा, आणि आई माझ्याकडे न बघता पदराच्या टोकाने बशी पुसायची. अर्धा संपला की मी पुन्हा अर्धा ओतायचे. हे काय नवीन, असं तिने कधी विचारलं नाही. मीही कधी काही बोलले नाही.

"तू पन चल की गो उद्या," आई म्हणाली. "सरू किती दिस सांगते, ताईला आन म्हनून. शनवार-रयवारच तर हाय."

"उद्या वाचनालयात तपासणी आहे."

"तुझी तपासनी बारा महिने असते."

"आणि तुझं रोहं दर आठवड्याला."

ती हसली. "रोह्याला वारा असतो, शांते. नदीवरनं येतो. इथं काय, तोंड उघडलं की शाडू जातो तोंडात."

"तिथे तोंड उघडलं की धाटावच्या कंपन्यांचा वास जातो."

"तो वाऱ्याच्या दिशेवर असतो," आई म्हणाली. अशी म्हणाली, की जणू रोह्यातच जन्मली होती. पेणला ती जवळच्या जोहे गावाहून लग्न होऊन आली, त्याला त्रेचाळीस वर्षं झाली होती. पण पेणची बाजू घेऊन कुणाशी असं बोललेलं मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

मग ती खोकं भरायला बसली. पेंढ्याच्या थरात बारा गणपती, वीतभर उंचीचे. अंगाचा रंग झालेला, पीतांबर पिवळा झालेला; डोळे तेवढे कोरे. बाबाजींच्या कारखान्यात आई तीस वर्षं आखणीचं काम करत होती. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे रेखणं. साच्यातून मूर्ती काढायला, घासायला, रंगवायला माणसं मिळतात. डोळ्यांचा हात थोड्यांचाच असतो, आणि आईचे, विमलबाईंचे, डोळे पेणमध्ये ओळखू यायचे. ती जमिनीवर बसायची आणि मूर्ती समोरच्या उंच पाटावर ठेवायची. "पूजा बसून करतात," ती म्हणायची. "बाप्पानं बसलेल्या मानसाकडं बघायला हवं. वर बघाय लागला तर सगळ्यांच्या डोक्यावरनं बघतो."

चौदाव्या वर्षी मी तिच्याकडे कुंचला मागितला होता. "तुझा हात वहीवर चालतो, तो तिथंच चालू दे," ती म्हणाली होती. मी ते कौतुक समजले आणि पुस्तकांमागे लागले.

गेल्या दिवाळीपासून ती दर शनिवारी एक खोकं घेऊन रोह्याला, माझ्या धाकट्या बहिणीकडे, सरूकडे, जायची आणि सोमवारी परत यायची. कारखान्यात आठवडाभर नुसती पीतांबराची कड मारायची, डोळे रोह्याला. तिथे निवांत हात चालतो, असं तिने बाबाजींना सांगितलं होतं. बाहेरदेशी जाणाऱ्या मूर्ती लवकर लागतात, आणि काम वेळेवर येत होतं, त्यामुळे बाबाजींनी जास्त विचारलं नाही; खोकी न उघडताच पुढे रवाना व्हायची.

पहिलं खोकं परत आलं तेव्हा ती आंघोळीला गेली असताना मी एक मूर्ती काढून उंच पाटावर ठेवली आणि मूर्तीसमोर जमिनीवर बसले. गणपती माझ्या डोक्यावरून भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत होता. मी उभी राहिले. तेव्हा तो माझ्याकडे बघायला लागला. हात आईचा नव्हता. मी मूर्ती पेंढ्यात होती तशी ठेवली आणि चहाला आधण ठेवलं.

त्या शुक्रवारी खोक्याची सुतळी तिला बांधता येईना. मी पाठ वळवून डबे लावत राहिले. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली.

"आखनी सुटली ना, शांते," ती दम टाकत म्हणाली, "की मी आपली रोह्यालाच जाऊन ऱ्हानार. सरूनं खोली पन ठरवलीय. जगन म्हनतो, आई, तुमाला खाट घेतो."

"घेऊ दे की," मी म्हणाले.

रविवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या फोनवर जगनचा, माझ्या मेहुण्याचा, फोन आला. आई जेवून उठली, सरूला म्हणाली, भांडी राहू दे, मी घासते, आणि मोरीच्या उंबऱ्याशी खाली बसली ती बसलीच. मी पोहोचले तेव्हा तिला ओसरीवर ठेवलं होतं आणि मला अनोळखी असलेल्या आठ-दहा बायका तिच्या नावाने रडत होत्या. त्यांनी मला वाट करून दिली. कुणीतरी विचारलं, ही कोण? कुणीतरी सांगितलं, पेणची थोरली. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब फार वाढलेला होता, आजचा नाही, महिनोन्‌महिन्यांचा असणार. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या असत्या तर... आता एवढ्या लांब कशाला न्यायचं, असं सगळे म्हणाले, आणि तिचं सगळं कुंडलिका नदीच्या काठावर झालं. मरणही तिने सरूच्या घरी ठेवलं, असं मला वाटलं. ते वाटलं त्याची लाज दुसऱ्या दिवशी वाटली. त्या दिवशी नाही.

महिना उलटला आणि बाबाजी वाचनालयात आले. चप्पल बाहेर काढून, टेबलापाशी उभे राहून म्हणाले, "शांते, विमलबायच्या हातचं शेवटचं खोकं तिकडंच ऱ्हायलंय. ते मी कुठं पाठवनार नाय. कारखान्यात फळीवर लावीन. नव्या पोरांना दिसंल, डोळे कशे असतात ते. जाऊन आन बाय."

मी शनिवारी दुपारच्या गाडीने निघाले. रोह्याला मुक्कामाला अशी मी कधी गेलेच नव्हते. लग्नकार्याला जायचे, संध्याकाळच्या गाडीने परत यायचे.

कासूला दोन बायका वालाच्या शेंगांच्या पिशव्या घेऊन चढल्या. एकीने माझ्याकडे टक लावून बघितलं. "विमलबायची लेक ना गो तू? नाक तेच हाय." मग दोघींनी मला उठवून डाव्या बाजूच्या खिडकीत बसवलं. "तुझी आई हितंच बसायची. या अंगाला ऊन येत नाय. आमी जागा धरायचो तिच्यासाठी." नागोठण्यापर्यंत त्यांनी मला आईच्या गोष्टी सांगितल्या. खोक्याला कुणी हात लावला तर म्हणायची, बाप्पा आंधळा हाय अजून, त्याला ढकलू नका. अख्खा डबा हसायचा. मी बाहेर बघत होते. भात केव्हाच कापून झालं होतं आणि खाचरांत वाल उभा होता. एवढंसं वाक्य, घरी मला तिने ते कधी ऐकवलं नव्हतं.

रोह्यात उतरल्यावर मी उणिवा शोधायला लागले. हे मला करता येतं. पुस्तकांच्या याद्या तपासून नजर तशी झाली आहे. पण रोहं पुरेशी उणीव देईना. आमच्या आळीत दोन्ही बाजूंना फळ्यांवर पांढरे गणपती वाळत असतात आणि घरी जाईपर्यंत पायावर पिठासारखा थर बसतो. इथे रस्ता नुसता रस्ता होता. धाटावहून पहिल्या पाळीची बस आली होती. माणसं डबे हलवत उतरत होती आणि एकमेकांना मोठ्याने हाका मारत होती. नदी रुंद होती. तिच्यावरून खरंच वारा येत होता. वास आला, पण थोडा, आणि लगेच गेला. वाऱ्याच्या दिशेवर असतो.

सरूने दारातच मला मिठी मारली. ती वाळली होती. दोन खोल्या, पुढे ओसरी, स्वयंपाकघरात काळ्या दगडाचा उंच ओटा. पाणी दिवसातून दोनदा येतं, तिने न विचारता सांगितलं. आमच्याकडे एकदा येतं.

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. दाराजवळच्या खुंटीवर आईचं निळं लुगडं. कोनाड्यात तिचा दुसरा चष्मा. मोरीत तिची मशेरीची डबी. पायरीशी चपला, पेणला होत्या त्याहून चांगल्या. मला वाटायचं, आई इथे पाहुणी येते. पाहुणीची मशेरी पिशवीत असते.

शेजारच्या धोंडुबाई चहाच्या वेळी आल्या. बसल्या, आधी डोळे पुसले, मग हसायलाच लागल्या. "तुमची आई म्हंजे लबाड हो! आमी चौघी पत्ते खेळायचो हिच्या ओसरीवर. पान नको असलं की मांडीखाली सारायची. धरली तर म्हनायची, बाप्पाचे डोळे करते मी, माझ्यावर आळ घेता?"

"आई पत्ते खेळायची?" मी विचारलं.

"तुमाला नाय म्हाईत?" धोंडुबाईंनी सरूकडे बघितलं. सरूने माझ्याकडे बघायचं टाळलं.

जगन पाळीवरून आला. हातपाय धुऊन माझ्यासमोर नीट बसला, जसा दर वेळी बसतो, तपासणीला आल्यासारखा. मग तोही खुलला. "ताई, आईंना स्कूटरवरनं नदीवर न्यायचो मी. म्हनायच्या, जोरात घ्या जावईबापू, हळू गेलं की पडाय होतं. मी भिऊन अर्धा, त्या मागं मजेत."

मी हसले. हसायला हवं होतं. माझ्याकडे स्कूटर नव्हती, पण तो प्रश्न नव्हता. संध्याकाळी मी घरी आल्यावर आई विचारायची, आज काय वाचलंस? मी सांगायचे. ती ऐकायची. मला वाटायचं, हीच आमची जवळीक. ती इथे येऊन पान मांडीखाली सारते, हे मला कुणी सांगितलंच नाही.

दिवेलागणीला मी खोक्याचा विषय काढला. बाबाजींचं म्हणणं सांगितलं. सरूने फळीवरून खोकं उतरवलं, खाली ठेवलं, आणि त्याच्यावर हात ठेवून बसून राहिली.

"ताई, ते फळीवर नाय लावायचे."

"का?"

"ते डोळे आईचे नायत. माझे हायत."

जगन उठून ओसरीवर गेला. सरू भराभर बोलायला लागली, पाठ केल्यासारखी. दिवाळीला आईने तिला हात दाखवला होता. कुंचला टेकवला की बुबुळ पसरायचं. कारखान्यात कळलं तर काम जाणार, म्हणून मग तिने सरूला शिकवायला घेतलं. सरू ओट्याशी उभी राहायची, मूर्ती ओट्यावर, आणि आई शेजारी स्टुलावर बसून तिचं मनगट धरायची. "बुबुळ पळतंय, धर त्याला, म्हनायची. शिव्या द्यायची गो मला. गाढवे, त्याला झोप आलीय का, असे काय डोळे मिटतेस? चार महिने. नीट जमलंच नाय मला. आई म्हनायची, तुझे सगळे वर बघतात."

उभी राहून काढतेस म्हणून, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. मला त्या मनगटाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. चौदाव्या वर्षी मी ज्यासाठी हात पुढे केला होता ते हिला पस्तिशीत, न मागता, शिव्यांसकट मिळालं होतं.

"मी म्हनत होते डॉक्टरकडं चल," सरू म्हणाली. "तर म्हनायची, नको, कागद घरी जातील, शांताला कळंल. तिला माझ्या हाताचा लय अभिमान हाय, तिला नको कळाय. आनि मी ऐकलं तिचं. ताई, मी तुला एक फोन केला असता... तू शिकलेली, तू दुसऱ्या दिवशी नेली असतीस तिला. मी गप्प ऱ्हायले. माझ्यामुळं गेली आई."

तिने माझ्या मांडीत डोकं घातलं. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "असू दे. झालं ते झालं. तुला काय माहीत होतं?"

मला तेव्हा बरं वाटलं. ते इथे लिहायला हवं. महिनाभरात पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी होतं जे सरूला हवं होतं, आणि ते देणं न देणं माझ्या हातात होतं. मी ते थोडं थोडं, थोरल्या बहिणीसारखं दिलं. झोपताना मला आईची खाट दिली. जगनने खरंच आणली होती.

रविवारी सकाळी सरूने मला नदीवर नेलं. घाटाच्या पायऱ्या दाखवल्या, आई कुठे बसायची ती पायरी दाखवली. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक बाईला ती सांगत होती, ही माझी ताई. धोंडुबाईंना तर तिने माझ्यासमोर सांगितलं, "मी काल हिला सगळं सांगितलं. एक शब्द बोलली नाय मला. लय मोठं मन हाय ताईचं." धोंडुबाईंनी माझ्या हाताला हात लावून कपाळाला लावला. मी हात मागे घेतला, तर त्यांना तो विनय वाटला.

परत आल्यावर सरू मासळी साफ करायला मागच्या दारी गेली, आणि जगन माझ्याजवळ आला. मागच्या दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुमी तिला सांगा. ती रयवारी जेवत नाय. आई गेली त्या दिसापासनं. दुसऱ्या वारीपन चार घास. म्हनते, माझ्या हातचं जेवून गेली, मी फोन केला नाय. कुंचले पन चुलीत घातले तिनं. माझं ऐकत नाय. तुमी माफ केलं असं नीट बोला तिला, मग जेवंल."

"काल बोलले मी."

"रातीपन नाय जेवली ती. तुमाला वाढलं, तुमी बघितलं नाय."

खरंच मी बघितलं नव्हतं. मी आईची खाट बघत होते.

साडेबाराला सरूने पान वाढलं. एकच. तांदळाची भाकरी, मासळीचं कालवण, बाजूला वालाचं बिरडं. जगन दुसऱ्या पाळीला निघून गेला होता. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि मला म्हणाली, "बस गो ताई. तीनची गाडी हाय ना? खोकं मी बांधून ठेवलंय. बाबाजीकाकांना तू सांगशील ना समजावून?"

"तुझं ताट कुठे?"

"मी मागनं जेवीन."

"सरू, तू जेवणार नाहीस. जगनने सांगितलं मला."

तिने तोंड फिरवलं. ओट्यावर फडकं फिरवायला लागली; तिथे पुसायला काही नव्हतं. "तू माफ केलंस ते तुझं मोठेपन. माझं मला कळतं ना. मला एकटीला म्हाईत होतं आनि मी..."

मला गाडी पकडता आली असती. अजून एकदा तिच्या केसांवरून हात फिरवता आला असता. बाबाजींना काय सांगायचं ते मी वाटेत जुळवलं असतं, आणि सरू रविवारमागून रविवार ओट्याला टेकून उभी राहिली असती, मला मोठ्या मनाची म्हणत. आईची एक तरी गोष्ट मग पूर्ण माझी राहिली असती. कुणाला न सांगितलेली.

"फडकं ठेव," मी म्हणाले. "खाली बस. माझ्यासमोर."

ती बसली.

"तुला एकटीला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

"काय?"

"आईचा हात. दिवाळीपासून. मी रोज बघत होते. आणि डोळे तिचे नाहीत हे मला पहिल्याच खोक्याला कळलं होतं. मी बसून बघितलं आणि उभी राहून बघितलं."

सरू माझ्याकडे बघत राहिली. "मग तू... तू का नाय नेलंस तिला डॉक्टरकडं?"

माझा आवाज माझा मलाच वाचनालयातल्यासारखा, खालचा वाटला. मी तो चढवला. शेजारी ऐकू गेलं असेल तर गेलं.

"नेलं असतं तर तिचं काम सुटलं असतं. काम सुटलं असतं तर ती इथे आली असती. कायमची. पेणला तिला कामाने धरून ठेवलं होतं, मी नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी गप्प बसले. मला ती तुला द्यायची नव्हती. तिच्या डोळ्यांदेखत मी अर्धा कप चहा ओतत राहिले, पण तुला द्यायची नव्हती. मला तुझा हेवा वाटायचा, सरू. अजून वाटतो."